खाऱ्या हवेतली कपाटे

घरातल्या लाकडी कपाटाला वापरापेक्षा ओलावा जास्त छळतो, आणि डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ओलाव्याला तोटा नाही. डहाणू तालुक्याची पश्चिम कड वरोर-चिंचणीपासून डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डीपर्यंत समुद्राला लागून आहे. तलासरीच्या वाट्याला झाईचा एवढासा किनारा आला आहे. उरलेला तालुका मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दोन्ही अंगांना टेकड्यांत आणि भातखाचरांत पसरला आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यावरच्या घरांना त्याच्या जोडीला बारमाही खारा वारा असतो. आतल्या गावांत मीठ पोहोचत नाही, पण एप्रिल-मेचे रखरखीत ऊन आणि जुलैची झड यांतली तफावत तिथे अधिक जाणवते. म्हणून आतल्या भागातल्या उधव्याला वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारी लोखंडी बिजागरी बोर्डीच्या घरात लवकरच गंजून अडकते.

कापलेले, रंधलेले, पॉलिश केलेले लाकूडही हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ११ टक्के पाणी असते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की हे प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत चढते. फळीची लांबी यामुळे जवळजवळ बदलत नाही, रुंदी मात्र बदलते. सागासारख्या शांत लाकडाची आडवी कापलेली फळीही दर १ टक्का ओलाव्यामागे रुंदीत सुमारे ०.२ टक्के फुगते. फेब्रुवारीत बरोबर १ फूट रुंद असलेली उघडी फळी भर पावसाळ्यात ३ ते ४ मिलिमीटर वाढलेली असू शकते. ऑगस्टमध्ये खण अडकतात आणि दारे चौकटीला घासतात ती एवढ्यामुळेच. जुने सुतार यावर उपाय जाणून होते. दाराची चौकट अरुंद पट्ट्यांची करायची, पट्ट्यांना आतून खाच मारायची आणि मधली रुंद फळी त्या खाचेत सुटी सोडायची, तिला सरस लावायचा नाही. फळी आतल्या आत फुगते आणि आकसते, दाराचे माप तेवढेच राहते. आजही अखंड लाकडाचे दार करायचे असेल तर या भागात चौकट-पॅनलच्या पद्धतीला पर्याय नाही. एका रुंद फळीचे किंवा चार फळ्या चिकटवून केलेले सपाट दार कितीही देखणे दिसले तरी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पीळ खाते.

दुकानात गिऱ्हाइकापुढे आधी लॅमिनेटचे कॅटलॉग उघडले जातात, तास-दीड तास रंगावर जातो, आणि आतला बोर्ड कोणता हे शेवटी, बहुधा उरलेल्या पैशांकडे बघून ठरते. डहाणू-तलासरीच्या हवेत हा क्रम उलटा हवा. आधी सांगाडा, मग कडा आणि लोखंडी सामान, सगळ्यात शेवटी दर्शनी पृष्ठभाग. वरचा कागद जुना झाला तर बदलता येतो. आतला बोर्ड फुगला तर कपाटच काढावे लागते.

या मुलखात लाकूड परके नाही. साग, ऐन, हेद, कळंब, खैर, शिसव, बिवळा, धावडा, शिवण ही सगळी झाडे इथल्या पानझडी जंगलांची. गेल्या दोन शतकांत इथून मुंबईच्या बाजारात अमाप लाकूड गेले. ते तोडणारे हात बहुतांशी वारली आदिवासींचे होते आणि त्या हातांना मिळणारी मजुरी नाममात्र होती. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीला किसान सभेची परिषद झाली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाला आणि ठेकेदारांना नमते घ्यावे लागले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा सविस्तर आला आहे. सागाचे वासे मुंबईला धाडणाऱ्या या पाड्यांतली घरे स्वतः मात्र कारवीच्या कुडाची होती, त्यावर शेणमातीचा लेप. साठवणीला कणगी, शिंके आणि चुलीवरचा माळा. चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या त्या माळ्याच्या लाकडांना कीड सहसा लागत नसे, हेही इथे नोंदवायला हवे.

सागाचा लौकिक उगाच झालेला नाही. त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, ती वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात. ओलाव्याने तो इतर लाकडांपेक्षा कमी हलतो आणि हत्याराखाली सरळ चालतो. खाऱ्या पाण्यात त्याची काय ताकद आहे याचा दाखला मुंबईच्याच गोदीने दिला आहे. गोदीतल्या वाडिया घराण्याने मलबारी सागात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले, आणि ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे. डहाणूच्या बाजारात सागाची प्रतवारी मुलखावरून लावतात. ‘वलसाडी’ म्हणजे डांगच्या जंगलातला, वलसाड-बिलिमोऱ्याच्या वाटेने येणारा साग. तो दाट रेषांचा आणि गडद असतो, आणि त्याला मान आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर बर्मा सागाची आवक आटली. त्या जागी घाना, नायजेरिया, इक्वेडोर, पनामा अशा देशांतल्या लागवडीचा साग कांडला-गांधीधामच्या वखारींतून येऊ लागला. तो ट्रकांनी अच्छाड-दापचरीच्या नाक्यांवरून याच महामार्गाने मुंबईकडे जातो. हा साग खोटा नाही, पण झाड कमी वयाचे असल्याने त्यात गाभा थोडा आणि सालीलगतचा पांढरा भाग जास्त असतो.

सगळी मेख त्या पांढऱ्या भागात आहे. सागाचा टिकाऊपणा गाभ्याचा. सालीलगतचा फिकट थर कोणत्याही सामान्य लाकडाइतकाच किडतो. जाणता मिस्त्री वखारीत फळी उचलतो तेव्हा आधी तिचे टोक पाहतो. टोकाच्या कापावर तपकिरी आणि पिवळट-पांढरा यांतली सीमा स्वच्छ दिसते. मग तो फळी उभी धरून एका डोळ्याने तिच्या लांबीवर नजर टाकतो, पीळ किंवा बाक तिथे लगेच कळतो. नखाने जरा खरवडून वास घेतो. सागाला चामड्यासारखा, तेलकट वास असतो. पांढऱ्या भागात टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांतून पिठासारखा भुसा दिसला की ती फळी बाजूला. फिकट फळीला वखारीत तपकिरी रंगाचा हात मारून ठेवल्याचेही प्रकार होतात. ओल्या फडक्याने टोक पुसले की सीमा पुन्हा दिसू लागते.

सागाखेरीज इथल्या बऱ्याच लाकडांना कपाटात जागा आहे, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी. शिवण हलकी आणि फिकट असते, वाळल्यावर फारशी हलत नाही. खण, आतल्या पेट्या आणि पाठीमागच्या फळ्या तिच्यात उत्तम होतात, आणि तिला मिळते त्याहून अधिक मान मिळायला हवा. हेद आणि कळंब यांचे लाकूड पिवळसर व बारीक पोताचे. मुठी, पट्ट्या, कातीव पाय यांना ते शोभते. फणस सोनेरी पिवळा, वाळवीला बऱ्यापैकी दाद न देणारा. मळ्यातला जुना फणस वाऱ्याने पडला तर त्याची चौकट करावी. ऐन दणकट आहे, पण वाळताना फाटतो. तो तुळयांना आणि खांबांना ठीक, कपाटाच्या दाराला नाही. आंबा स्वस्त आणि मुबलक, पण त्याला भुंगा हटकून लागतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून, नीट वाळवून वापरला तर तो आतल्या फळ्यांना चालतो. सावर मात्र खोकी आणि काडेपेट्यांपुरतीच. किनाऱ्यावरचा सुरू कठीण असूनही उभा चिरतो, म्हणून तो मांडवाच्या खांबांना राखलेला बरा.

चिकूचे लाकूड सहसा जळणात जाते, आणि ते बघवत नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते फळासाठी. लाकडाकडे कोणी पाहत नाही. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. ग्वाटेमालातल्या तिकाल येथील माया मंदिरांच्या दारांवर चिकूच्याच लाकडाच्या कोरीव तुळया बसवलेल्या होत्या आणि हजार-बाराशे वर्षे त्या उष्ण, दमट जंगलात टिकल्या. लालसर, जड, हाताला दगडासारखे लागणारे हे लाकूड वाळताना फाटते आणि रंधा बोथट करते, म्हणून रुंद फळ्यांना निरुपयोगी. पण मे २०२१ मधल्या तौक्ते वादळासारख्या तडाख्याने जुन्या वाडीतली झाडे पडतात तेव्हा त्यांच्या खोडांच्या टोकांना रंग किंवा मेण लावून, सावलीत वर्ष-दोन वर्षे ठेवून, त्यातून कपाटांच्या मुठी, खुंट्या, खणांच्या सरकपट्ट्या आणि पाट-पोळपाट करता येतील. सुताराने हत्यार पुन्हापुन्हा परजायची तयारी ठेवली तर हे अवघड नाही.

आपल्या मळ्यातले झाड आपले असले तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा साग, ऐन, खैर, आंबा, फणस अशा अनुसूचित झाडांना लागू आहे. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास दोन्ही लागतात. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि ती विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावी असा त्याचा रोख आहे. कवडीमोलाने साग उचलणाऱ्या व्यापाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो आला. आरागिरण्यांवरही १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून कडक नजर आहे. म्हणून वखारीतून लाकूड घेताना पावती मागावी. पास नसलेल्या स्वस्त सागामागे कोणाच्या तरी मालकीचे किंवा राखीव जंगलातले झाड असते.

लाकूड घनफुटावर विकतात. चिरलेल्या फळीचा हिशेब सोपा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागायचे. ७ फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड पट्टी म्हणजे ०.४४ घनफूट. गोल ओंडक्याचा हिशेब वेढ्यावर होतो. वेढ्याचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४८ इंच वेढ्याचा १० फूट ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. भूमितीने तो पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातो, म्हणजे बाजूच्या सालपटांची सूट हिशेबातच धरलेली आहे. तरीही फळ्या पाडताना करवतीच्या भुशात आणि पांढऱ्या भागात बराच माल जातो. तेवढी वाढ अंदाजपत्रकात आधीच धरावी.

सगळ्यांत भरवशाचे लाकूड मात्र वखारीत नसते. ते पाडायला घेतलेल्या जुन्या घरात असते. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात मंगलोरी कौलांची घरे आणि पारशी-इराणी वाड्यांमधले बंगले पाडून इमारती उभ्या राहतात तेव्हा सागाच्या तुळया, वासे, खिडक्यांच्या चौकटी मोडीत निघतात. कित्येक पावसाळे पाहिलेले हे लाकूड पुरते मुरलेले असते. हलायचे तेवढे हलून झालेले. ते घेताना भिंतीत गाडलेली टोके तपासावीत, वाळवी तिथूनच शिरते. खिळे एकेक करून उपटावेत. लपलेला एक खिळा आरीचे पाते मोडतो, आणि आरागिरणीवाला जुने लाकूड नाकारतो ते याच धास्तीने. वरचा पाव इंच काळा थर रंध्याखाली गेला की आतून निघणारा सोनेरी-तपकिरी रंग आजच्या नव्या सागात क्वचितच दिसतो.

सगळे कपाट अखंड लाकडात करणे आज बहुतेकांच्या आवाक्यात नाही आणि त्याची गरजही नाही. सांगाडा प्लायचा, दाराची चौकट आणि पट्ट्या लाकडाच्या, ही जोडी या हवेत चांगली टिकते. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते रुंदीत फारसे फुगत नाही. प्रश्न गोंदाचा असतो. भारतीय मानकांनुसार सर्वसाधारण प्लायला आयएस ३०३ लागू आहे आणि त्यात दोन प्रती आहेत. एमआर म्हणजे ओलसर हवा सोसणारे, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळते पाणी सोसणारे. मरीन प्लायचे मानक आयएस ७१०. त्याच्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून चाचणी घेतात. एमआरमधला युरिया गोंद सततच्या ओलाव्यात हळूहळू सुटत जातो, बाकी दोन्हींतला फिनॉलचा गोंद टिकतो. डहाणूच्या किनाऱ्यावर एमआर प्लाय घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. कपड्यांच्या कपाटाला बीडब्ल्यूआर पुरते, स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाला ७१० घ्यावे. तलासरीच्या आतल्या गावांत कोरड्या, आतल्या भिंतीला एमआर चालून जाईल, पण वाचणारी रक्कम इतकी थोडी की ती जोखीम घेण्यासारखी नाही.

प्लाय ओळखायचे ते त्याच्या कडेवरून. पापुद्र्यांमध्ये फटी, एकावर एक चढलेले तुकडे, मध्येच पडलेली पोकळी दिसली तर तिथे स्क्रू धरणार नाही. फिनॉलची रेघ गडद तांबूस असते खरी, पण रंग मिसळून तीही नकली करता येते. तळहाताएवढा तुकडा कापून घरच्या पातेल्यात दिवसभर उकळला की मात्र खोटेपणा उरत नाही. एमआर असेल तर थर उकलतात, चांगले बीडब्ल्यूआर अखंड राहते. केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे २०२५ पासून प्लायवर आयएसआय खूण बंधनकारक झाली आहे. शीटवर मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो, आणि तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर घातला की कारखान्याचे नाव दिसते. दुकानदारासमोर उभे राहूनच हे करावे.

लांब फळीला बाक येऊ नये म्हणून ब्लॉकबोर्ड बरा. उंच दारांनाही तोच. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ ही कारखान्यात बनलेल्या तयार फर्निचरची सामग्री. एमडीएफवर रंग आरशासारखा बसतो, आणि कोरड्या खोलीतल्या दारांना ते चालते. पण कडेने पाणी शिरले की दोन्ही फुगतात आणि फुगलेले पुन्हा बसत नाही. पार्टिकल बोर्डाच्या सांगाड्याची बिजागरी एकदा उखडली की त्याच भोकात परत घट्ट बसत नाही. अशा बोर्डांचा सांगाडा या दोन तालुक्यांत कोणी करू नये, हे ठामपणे सांगायला हरकत नाही. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि मोठ्या कारखानदारीवर इथे मर्यादा आली. त्यामुळे बहुतेक शीट बाहेरून येतात, आणि वाहतुकीत भिजलेला माल पुन्हा वाळवून विकला जाण्याची शक्यता पावसाळ्यात असते. कोपरे फुगीर दिसले तर शीट परत करावे.

फळीची जाडी ठरवताना एक गणित लक्षात ठेवावे. मधोमध तेच वजन ठेवून फळीचा पल्ला दुप्पट केला तर तिचा बाक आठपट होतो, आणि जाडी दुप्पट केली तर तो एक-अष्टमांशावर येतो. तांब्या-पितळेचे हंडे, कळशा, डब्यांचे उभे ढीग ज्या कप्प्यात बसणार तिथे १८ मिलिमीटरच्या प्लायला अडीच फुटांवर मधला आधार द्यावा. जाड फळी विकत घेण्यापेक्षा हा आधार स्वस्त पडतो.

आता पृष्ठभाग. सनमायका म्हणून सगळीकडे ओळखले जाणारे लॅमिनेट म्हणजे फिनॉल राळेत भिजवलेले जाड तपकिरी कागद आणि वर मेलामाइनमध्ये भिजवलेला नक्षीचा कागद, उष्णता आणि दाबाखाली एकजीव केलेले. त्याचे मानक आयएस २०४६. बाहेरून १ मिलिमीटरचे घ्यावे. आतून पातळ, पांढरे चालते, पण आतून काहीतरी लावलेच पाहिजे. एकाच बाजूला लॅमिनेट लावलेले दार उघड्या बाजूने ओलावा पिते आणि बंद बाजूकडे वाकते. पावसाळ्यानंतर कपाटाची दारे वरच्या कोपऱ्यात उघडी राहतात त्याचे सर्वसाधारण कारण हेच, आणि दोष बिजागरीवर जातो. कडांना २ मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी किंवा सागाची बीडिंग लावावी. दाराची खालची कड आणि कपाटाच्या तळाची मागची कड कोणाला दिसत नाही म्हणून कोरी सोडतात. पाणी नेमके तिथूनच चढते. तिथे निदान प्रायमरचे दोन हात द्यावेत.

व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा पापुद्रा. तो सुंदर दिसतो, पण त्याचे संरक्षण पूर्णपणे पॉलिशवर अवलंबून. जुने लाखेचे स्पिरिट पॉलिश ओल्या भांड्याखाली पांढरे पडते आणि दमट हवेत चिकट होते. किनाऱ्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्यावे आणि दाराच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यावेत. अखंड सागाला मात्र जवसाच्या तेलाचे पातळ हात वर्षाआड दिले तरी पुरते, आणि ओरखडा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल लावता येते. एमडीएफवर ताणून बसवलेला पीव्हीसीचा पापुद्रा शेगडीशेजारी उष्णतेने सुटतो, तो स्वयंपाकघरात टाळावा.

डहाणू-तलासरीच्या घरात कपाटाच्या दाराला आणखी एक पृष्ठभाग शोभतो, तो इथलाच. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे कुडाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आली ती गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली नक्षीचे छापील लॅमिनेट बाजारात आहे. त्यापेक्षा गावातल्या चित्रकाराला बोलावून प्लायच्या दारावर प्रायमर, त्यावर गेरू रंगाचा मॅट अॅक्रिलिक, मग पांढऱ्याने चित्र आणि शेवटी मॅट पीयूचा पातळ हात असे करून घेतले तर काम वर्षानुवर्षे टिकते आणि पैसे चित्रकाराला मिळतात. विषय निवडताना एवढे जपावे: लग्नातला देवचौक सवाशिणी विधीने लिहितात, पालघट देवीचा तो चौक चपलांच्या कपाटावर काढायचा नसतो. तारपानाच, भातकापणी, ताडी उतरवणारा माणूस, मासेमारी असे विषय कुठेही चालतात.

लोखंडी सामानात किनाऱ्यावर काटकसर करू नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात, अगदी समुद्रासमोरच्या घरात ३१६. स्क्रूही स्टीलचेच हवेत, नाहीतर बिजागरी शाबूत आणि तिला धरणारा स्क्रू गंजलेला अशी गत होते. ऐन, खैर, बाभूळ अशा टॅनिन असलेल्या लाकडात साधा खिळा मारला की ओलाव्याने त्याभोवती निळा-काळा डाग पसरतो. तिथे पितळी स्क्रू वापरतात. खणांची बॉलबेअरिंगची चॅनेल गंजण्याची फार धास्ती असेल तर जुनी रीत आहेच: खणाच्या दोन्ही अंगांना सागाच्या पट्ट्या आणि त्यांवर मेण.

स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली सांगाडा लाकडाचा नसावाच. कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरशा ही महाराष्ट्रभर रुळलेली पद्धत इथे सर्वांत योग्य आहे. पाणी सांडो, वाळवी येवो, दगडाला फरक पडत नाही. पुढे फक्त दारे प्लायची किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीची. सिंकखाली तर दारही पीव्हीसीचे किंवा ॲल्युमिनियमचे हवे. सिलिंडरच्या कप्प्याला भोके जमिनीलगत ठेवावीत, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो खाली साचतो. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या २५ चौरस मीटरच्या घरात तर भिंतीतच कोनाडे ठेवून त्यांत कडप्प्याच्या फळ्या बसवल्या की लाकडी कपाटाचा खर्चच वाचतो. पण हे बांधकाम सुरू असतानाच गवंड्याला सांगावे लागते, नंतर भिंत फोडणे परवडत नाही.

कपाट बसवताना पाठ आणि पश्चिमेची बाहेरची भिंत यांत निदान १ इंच फट ठेवावी. चिकटून बसवलेल्या कपाटाच्या पाठीवर पावसाळ्यात बुरशी धरते आणि कपड्यांना वास येतो. तळ जमिनीवर न टेकवता ४ इंची पायांवर घ्यावा. वाडीला लागून असलेल्या घरात वाळवी भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातून वर येते, आणि पायांखाली झाडू फिरला की तिची मातीची नळी वेळीच दिसते. सुतारकाम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावे. त्या दिवसांत लाकूड पुरते वाळलेले असते आणि गोंद नीट धरतो. दारांना मात्र २ मिलिमीटर जास्त सवड द्यावी, कारण ती जागा जुलैत लागते.

शेवटची बाब फक्त याच भागाला लागू आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४ तीव्रतेच्या वर होता, आणि लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. अशा गावांत माणसापेक्षा उंच कपाट नुसते उभे करून ठेवता कामा नये. वरच्या कडेला आतून दोन ठिकाणी लोखंडी कोन लावून ते भिंतीत अँकर बोल्टने आवळावेत. बोल्ट विटांमधल्या सांध्यात नव्हे, विटेत किंवा काँक्रीटच्या पट्ट्यात जायला हवा. ओट्यावरच्या टांगत्या कपाटांना पाठीमागे आडवी सागपट्टी द्यावी आणि वजन तिच्यावर पेलावे, पाठीच्या ६ मिलिमीटर प्लायवर नाही. त्यांच्या दारांना चुंबकाऐवजी कडी किंवा दाबून उघडणारी खिट्टी लावावी, धक्क्याने चुंबक सुटतो. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तिथे कपाट छातीच्या उंचीपेक्षा वर नेऊ नये, पितळेची भांडी आणि धान्याचे डबे खालच्या कप्प्यात ठेवावेत, आणि खाट कपाटाच्या पडण्याच्या पल्ल्याबाहेर मांडावी.